कुत्र्याच्या उपचारांचं बिल एवढं का येतं? डॉक्टर लुबाडतात का?
सरसकट नाही. पेशंट बोलत नाही, त्यामुळे रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफीशिवाय निदान म्हणजे अंदाजपंचे. दात साफ करायलाही भूल द्यावी लागते. आपल्याकडे पाळीव प्राण्यांचा विमा फार कमी लोक काढतात. सगळी रक्कम एकदम खिशातून जाते आणि राग डॉक्टरवर निघतो. त्यात डॉक्टरच्या वाट्याला चावे, रात्री-अपरात्री फोन, आणि बरं होऊ शकणाऱ्या जनावराला पैशाअभावी 'झोपवून टाका' (म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं) म्हणणारे मालक. हे शेवटचं सगळ्यात जड.

तरी आधी खर्चाचा अंदाज विचाराच, त्यात लाज कसली! मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल बघा (धर्मादाय आहे, १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच). गावाकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं.