फोनवरून समुपदेशन सुरू करताना

ताई, बीड-जालन्याकडच्या, मानवी तस्करीत किंवा वेठबिगारीत अडकल्या असतील अशा बायकांसाठी फोनवर समुपदेशन सुरू करताय, फार गरजेचं काम आहे. सुरुवातीला थोड्याच गोष्टी पक्क्या करा.

पहिला प्रश्न कायम हाच: "आत्ता मोकळं बोलता येतंय का?" हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारा. फोन स्पीकरवर असू शकतो, मजूर नेणाऱ्या मुकादमाचाही असू शकतो. म्हणून पहिल्याच वेळी एक खुणेचं वाक्य ठरवा. "डाळ शिजायची राहिली" असं ती म्हणाली, की लगेच तब्येतीचा विषय काढायचा. फोन कटला तर परत कुणी आणि कधी लावायचा, हेही तेव्हाच ठरवा. मेसेजमध्ये यातलं काही लिहू नका.

तस्करीच्या या खुणांवर लक्ष ठेवा:
- उत्तरं मागून कुणी सांगतंय
- आधार कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात
- राहते कुठे, ते सांगता येत नाही
- उचल (कामाआधी घेतलेले पैसे) फिटतच नाही

एका खुणेवरून निष्कर्ष नको. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेलं प्रत्येक कुटुंब तस्करीचं बळी नसतं. पण उचलीपायी काम सोडून जायची मोकळीक नसेल तर ती वेठबिगारी, १९७६च्या कायद्याने गुन्हा.

नवीन लोक हमखास विचारतात, "पळून का नाही आलीस?" हा प्रश्न कधीच नको. तिला न विचारता पोलिसांत धावणं ही दुसरी चूक. सज्ञान बाईचा निर्णय तिचा. जिवावर बेतलं असेल तर ११२ला फोन. अठराखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, हे आधीच स्पष्ट सांगा. १०९८ (मुलांसाठी) आणि १८१ (बायकांसाठी) हे मदतीचे नंबर पाठ ठेवा.

मानसिक आघातावरच्या उपचारपद्धती नंतर शिकता येतील.