शर्ट न काढणारा मुलगा

"मॅडम, परत आलं की हो. आधी होतं त्याच्या दुप्पट."

छातीवरच्या, एकदा कापून काढलेल्या वणाबद्दल, म्हणजे किलॉइडबद्दल, एवढं बोलून तो गप्प झाला. वय 22, कोल्हापूर जिल्ह्यातला, पोलीस भरतीची तयारी करणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) इंजेक्शनचं नाव काढताच तो उठून चालू लागला, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं होतं. सोबत आई होती.

अकरावीत असताना छातीच्या मधोमध एक पुटकुळी आली. ती बसली, पण तिचा वण फुगत गेला, टणक झाला, रात्री खाजू लागला. कुणीतरी सांगितलं, बिब्बा लाव, जळून जाईल. बिब्ब्याच्या तेलाने भोवतालची कातडी उतली आणि वण त्या नव्या जखमेवरही चढला. मग एका ठिकाणी कापून घेतलं. टाके काढले तेव्हा छाती सपाट होती. सहा-सात महिन्यांत वण परतला, तो आधीपेक्षा मोठा होऊन. पुढे काय करायचं असतं, हे कापताना कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

खर्चाबद्दल तो बोलला, पण खरी भीती बाहेर यायला पाऊण तास लागला. भरतीत छाती मोजतात. न फुगवता 79 सेंटीमीटर, फुगवून आणखी 5. त्यासाठी शर्ट काढावा लागतो, रांगेतल्या सगळ्या पोरांसमोर. "सगळी बघणार मॅडम. काय झालंय विचारणार." याच धास्तीने दोन उन्हाळे तो विहिरीवर पोहायला गेला नव्हता. घरातसुद्धा बनियन काढत नव्हता.

"एवढ्याशा वणाचं काय घेऊन बसलास" हे त्याने घरी पुष्कळदा ऐकलं होतं. ते मी म्हटलं नाही. खाजणारी, दुखणारी, रोज दिसणारी गोष्ट एवढीशी नसते.

आईने हळूच विचारलं, "कॅन्सर तर नाही ना हो?" तिला मी एक जुनी हकिगत सांगितली. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले डॉक्टर आलिबेर यांनी 1806 साली अशा वणांचं वर्णन केलं आणि त्याला कर्करोगासारखं वाटेल असं नाव दिलं. पण हा कर्करोग नव्हे, हे ध्यानात घेऊन पुढे त्यांनी स्वतःच ते नाव बदललं. खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून नवं नाव आलं, तेच आपलं किलॉइड. नांग्या पसरतात तसा हा वण मूळ जखमेची हद्द ओलांडून चांगल्या कातडीत शिरतो. जखमेच्या हद्दीतच उंच राहणारा वण निराळा, तो वर्ष-दोन वर्षांत बऱ्याचदा आपोआप बसतो. दोन्हींची लागण होत नाही. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

"मग कापल्यावर का आलं?" या प्रश्नावर त्याच्या वडिलांचं काम मदतीला आलं. ते गवंडी. त्याला म्हटलं, भिंत पडली की कातडीतले गवंडी कामाला लागतात, कोलॅजन नावाचा माल भरतात. तुझ्या कातडीत त्यांना "झालं, थांबा" हा निरोप पोचत नाही. कापणं म्हणजे नवी भिंत पाडणं, तेच गवंडी पुन्हा हजर. नुसतं कापलेलं किलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतं. कापायचंच तर त्यानंतर ठरलेली इंजेक्शनं, किंवा एक-दोन दिवसांतच सुरू होणारे किरणोपचार, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

त्यात तुझा काही दोष नाही, हेही त्याला स्पष्ट सांगितलं. काहींच्या घराण्यातच हा कल असतो. सावळ्या-काळ्या कातडीत आणि दहा ते तीस या वयात तो जास्त दिसतो. छाती, खांदे, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. छातीवरची कातडी सतत ताणली जाते, जोर मारताना तर फारच. म्हणून डॉक्टरांनी त्याला उपचार चालू असेपर्यंत जोर कमी करून धावण्यावर भर द्यायला सांगितलं.

इंजेक्शनला नकार का, तेही कळलं. औषध स्टिरॉइड आहे हे ऐकून त्याच्या डोळ्यांसमोर जिममधली पोरं आली होती. मांस वाढवणारं ते स्टिरॉइड वेगळं. त्याचं औषध ट्रायमसिनोलोन, ते वणाची वाढ आणि दाह शमवतं आणि थेट वणात टोचतात. दर चार ते सहा आठवड्यांनी, कित्येक महिने. दुखतं, आणि बऱ्यापैकी दुखतं, हे मी लपवलं नाही. तिथली कातडी पातळ किंवा फिकी होऊ शकते, हेही सांगितलं. काहींना सोबत गोठवण्याचा उपचार देतात, काहींना सिलिकॉनची पट्टी, ती दिवसाचे बारा तास तरी लावावी लागते. कातडी पहिल्यासारखी कोरी होणार नाही. खाज थांबावी, उंची उतरावी, एवढं ठरवून सुरुवात केली.

उरलेलं काम माझं होतं. विचारणाऱ्याला द्यायचं एक वाक्य आम्ही बसवलं: "जुन्या जखमेचा वण आहे, दुसऱ्याला लागत नाही." ते तो आधी मान खाली घालून म्हणायचा. मग चुलतभावासमोर बनियन काढून म्हणाला. भावाने "बरं" म्हटलं आणि मोटर चालू करायला गेला. तो दोन वर्षं ज्या क्षणाला भीत होता, तो इतकाच होता.

तिसऱ्या इंजेक्शननंतर खाज गेली. पाचव्यापर्यंत वण निम्मा उतरला, मधे फिका डाग राहिला. परवा तो आला तेव्हा स्वतःबद्दल फारसं बोललाच नाही. धाकट्या बहिणीला मैत्रिणींसारखं कानाला वरच्या बाजूला टोचून घ्यायचंय, टोचावं का, एवढंच विचारायला आला होता. मी म्हटलं, सख्ख्या भावाला किलॉइड आहे, तर हौसेसाठी नको. आणि तिलाच घेऊन ये, मी बोलते तिच्याशी.