पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीच्या सर्व्हेला निघालीस ना?

अगं, प्रश्नावलीला घाबरू नकोस, दहा घरं झाली की तोंडपाठ होते. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

– आजी विहिरीवरून कळशी घेऊन आली की लगेच बीपीचा पट्टा बांधायचा, ही नवख्यांची ठरलेली चूक. पाच मिनिटं ओटीवर टेकू दे, पाठीला आधार, पाय जमिनीवर. चहा आला तर मोजणी आधी.

– वय विचारलंस तर 'असेल सत्तर-ऐंशी' ऐकशील. कोयनेच्या भूकंपाला, म्हणजे १९६७ साली, लग्न झालं होतं का, पदरात पोर होतं का, असं विचार.

– 'औषध काय नाय' म्हणाले तरी गोळ्यांचा डबा बघायला माग. 'प्रेशरची गोळी' हे कित्येकांना औषध वाटतच नाही.

आणि माणूस हरवू नकोस. अशा अभ्यासात तीच माणसं काही वर्षांनी पुन्हा भेटली पाहिजेत, नाहीतर साखर कधी वाढली, गुडघे कधी गेले, काही कळत नाही. आपली म्हातारी माणसं पावसाळ्यात मुंबईला लेकाकडे जातात. मी पहिल्या फेरीत नुसता घरनंबर लिहिला होता. दुसऱ्या फेरीत दाराला कुलूप! लेकाचा आणि शेजारणीचा, दोन्ही फोन नंबर घे.

गणपतीत मात्र जाऊ नकोस, घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. आकडेमोडीचं नंतर बघू.