बहीण अमेरिकेची नागरिक झाली आहे. आमच्या ग्रीन कार्डसाठी तिने आत्ता अर्ज करावा, की माझ्या मुलाची दहावी झाल्यावर? मुलगा ८ वर्षांचा आहे.

आत्ता. ‘दहावी होऊ दे, मग बघू’ हे वाचलं आणि डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

माझा थोरला भाऊ २००१ साली तिकडचा नागरिक झाला. त्याच वर्षी सुट्टीला सांगलीत आला तेव्हा आई त्याला म्हणाली, धाकट्याचा अर्ज घालून टाक. दादा म्हणाला, “घाई काय आहे? यायचंय की नाही ते आधी नक्की करा.” झालं, आमच्याकडे नक्की करणं सुरू झालं. सासुरवाडीचं मत, गणपतीला जमलेल्यांचं मत, शेत कोण बघणार हा विषय तर दरवर्षी पहिल्यापासून. अर्ज गेला २००४ मध्ये.

अहो, हा अर्ज म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. बसायचं की नाही ते गाडी सुटताना ठरवा, कोणी विचारत नाही. भावंडांच्या एफ-४ गटाला साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. म्हणून २०२५ मध्ये भारतातले २००६ साली अर्ज केलेले लोक बोलावले जात होते. तुमचा अर्ज ज्या तारखेला तिकडे पोचला, तीच तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा. तिथे ओळख, वशिला, काही चालत नाही.

आमचा नंबर लागला २०१९ मध्ये. मुलगी २७ वर्षांची, मुलगा २२ चा. मुलं आईबापाबरोबर जातात ती २१ च्या आतली आणि बिनलग्नाची. २००२ च्या कायद्याने एक सवलत आहे: अर्ज मंजूर व्हायला जेवढी वर्षं लागली, तेवढी मुलाच्या वयातून वजा होतात. आमची पाच गेली. मुलगा १७ चा धरला गेला, बसला. मुलगी २२ ची. एका वर्षाने गेली! २००१ मध्येच रुमाल पडला असता तर आमची तारीख कितीतरी आधी आली असती आणि पोरगी आरामात बसली असती. पोरगी इथे टाकून जायचं नाही म्हणून आम्ही कोणीच गेलो नाही. दादा अजून चारचौघांत म्हणतो, “मी केलं होतं, हेच आले नाहीत.” केलं होतंस बाबा. तीन वर्षांनी.

तुमच्या मुलाचं काय होईल, खात्रीने कोणी सांगणार नाही. रांग वीस वर्षांच्या घरात आहे, पण मंजुरीलाच बरीच वर्षं लागली तर ती वजा होतील. सात वर्षं थांबलात तर मात्र ती आशाही सोडा.

अर्जाची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, ती भरेल बहीण. तुम्हा दोघा भावंडांच्या जन्मदाखल्यांवर आईवडिलांची नावं जुळतात का, ते तुम्ही बघा. जन्म आजोळी झाला असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात बहुतेक नुसतं ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असेल, नावच नसेल. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागतात.

आईवडिलांना या रांगेत उभं करू नका. नागरिक मुलीच्या आईवडिलांना वर्षाला इतकेच व्हिसा अशी मर्यादाच नाही, त्यांचं वेगळं आणि लवकर होतं. पण ते तिकडे गेले की तुमच्यासाठी अर्ज करतील, ही आशा ठेवू नका. ग्रीन कार्डवाल्याला लग्न झालेल्या मुलासाठी अर्ज करता येत नाही.

एक राहिलं. अर्ज घातल्यावर टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये ते खरं सांगावं लागतं आणि त्यावरून नकार येऊ शकतो. भाचरांच्या मुंजी-लग्नाला जायचं असेल तर व्हिसा आधी काढून ठेवा. पण तेवढ्यासाठी अर्ज लांबवायचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याला विचारा, त्याच्या स्वतःच्या पोरांची वयं काय आहेत.