उपवासाची खिचडी, चहातला गूळ आणि रात्रीचा भात

प्रश्न: मी सोमवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या करते. त्या दिवशी फक्त फराळाचंच खाते, तरी वजन उतरत नाही. असं का?

उत्तर: 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. तुमच्या प्रश्नातल्या त्या 'फक्त'चाच हिशेब करू. बशीभर खिचडीला साधारण 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा लागतो, म्हणजे 210 कॅलरी. दोन चमचे दाण्याचं कूट, मोठा चमचाभर तूप आणि अर्धा बटाटा धरला की आकडा पावणेपाचशेच्या आसपास जातो. दोन पोळ्या, भाजी, आमटी एवढं जेवण याहून जास्त भरत नाही. शिवाय साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नावालाच, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि हात वेफर्सच्या डब्याकडे जातो. (गंमत म्हणजे कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. आपला अख्खा उपवासच परदेशी!)

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. खिचडी अर्धी बशी घ्या, सोबत वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर असू द्या. दुपारी ताक, संध्याकाळी उकडलेलं रताळं. दाण्याच्या कुटाला घाबरू नका, खिचडीतली बरीचशी प्रथिनं त्यातूनच येतात. तुपाचा चमचा मात्र मोजा.

प्रश्न: चहात साखरेऐवजी गूळ घालतो, सकाळी मध-लिंबू-पाणी पितो. चरबी वितळेल ना?

उत्तर: नाही. गूळ आणि साखर दोन्हींत ग्रॅमला जवळपास 4 कॅलरी. गुळात खनिजं असतात, पण चहाच्या खड्यातून मिळणारी नगण्य. लोक 'गूळ आहे, चालतो' म्हणत दोन खडे जास्त टाकतात, तिथेच फसतात. कोमट पाण्याने चरबी वितळत नाही. चरबी पोटात पातळ होऊन वाहून जाणारं तूप नव्हे. मधुमेह असेल तर गूळ आणि मध साखरेच्याच खात्यात धरा.

प्रश्न: रात्रीचा भात सोडला, पहिल्या आठवड्यात दीड किलो गेलं. आता महिनाभर काटा हलत नाही.

उत्तर: ते बहुतेक पाणी होतं. पिष्टमय पदार्थ शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि सोबत तिपटीएवढं पाणी धरून ठेवतात. साठा घटला की पाणीही जातं. आता सांगा, भाताच्या जागी काय आलं? बहुतेक घरांत दोन भाकऱ्या येतात. ज्वारीत तंतू जास्त असतात हे खरं, पण कोरड्या पिठाच्या आणि तांदळाच्या कॅलरी वजनाला जवळपास सारख्याच. वाटीभर वरण-भात खुशाल खा, वर दुसरी वाटी वाढून घेऊ नका.

प्रश्न: घाण्याचं तेल कितीही चालतं ना?

उत्तर: कितीही नाही. तेल कोणतंही असो, ग्रॅमला 9 कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर पुरायला हवं.