पोलिसांसाठी एन्क्रिप्शनमध्ये ‘चोरदार’ ठेवलं तर काय बिघडतं?

‘मी काही लपवत नाही, मग पोलिसांनी मेसेज वाचले तर बिघडलं कुठे?’ असं काही जण विचारतात. एन्क्रिप्शन म्हणजे मेसेज इतरांना वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, आणि चोरदार म्हणजे ते कुलूप टाळून पोलिसांना आत शिरता यावं म्हणून ठेवलेली गुप्त वाट. बिघडतं ते याच दारात. चोरदार एकदा केलं की ते कोण उघडेल, हे आपल्या हातात राहत नाही.

ग्रीसमध्ये हेच झालं. व्होडाफोनच्या एक्सचेंजमध्ये कायदेशीर फोन टॅपिंगसाठीची यंत्रणा होती. कोणीतरी गुपचूप तिचाच ताबा घेतला आणि २००४-०५ मध्ये शंभरहून जास्त फोन ऐकले. त्यात खुद्द तेव्हाचे पंतप्रधान कोस्टास करामानलिस यांचाही फोन! ज्यांच्या सरकारसाठी सोय केली, त्यांचंच बोलणं चोरीला गेलं.

तपास करूच नये, असं मी म्हणत नाही. संशयिताचं नाव, ठरावीक मुदत आणि न्यायाधीशाची परवानगी असेल तर त्याचा फोन जरूर तपासावा. शिवाय मजकूर न वाचताही कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, एवढ्यावरूनच पोलिसांना भरपूर कळतं (खरं तर तेही कमी खासगी नाही). पण एकावर संशय म्हणून सगळ्यांचीच कुलपं कच्ची करायची, हे मला पटत नाही.