गिअरचा दांडा खुळखुळतोय? आधी गाडीखाली बघा

प्रश्न: काका नमस्कार, माझ्याकडे बाबांची २००४ ची मारुती ८०० आहे, रोज कळव्याहून विटाव्याच्या पुलाखालून ऐरोलीला जाते. दोन-तीन महिने झाले गिअरचा दांडा फार ढिला झालाय, न्यूट्रलला तर वरणातल्या पळीसारखा गोल फिरतो. पहिला टाकायला जावं तर कधी तिसरा पडतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते, मागचे हॉर्न मारायला लागतात. रिव्हर्स तीन-चारदा खटपट केल्याशिवाय पडत नाही. एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी चार दिवस ठेवा म्हणाला. घरचे म्हणतात भंगारात दे. पण आत्ताच पासिंग करून पुढची पाच वर्षं वाढवून घेतलीयत आणि बाबांची गाडी आहे हो, मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, कळवा

उत्तर: ताई, गिअरबॉक्सला अजून कोणाला हात लावू देऊ नका. आणि भंगाराचा विषय तर आत्ता डोक्यातूनच काढा.

तुम्ही लिहिलंय त्यात गिअरबॉक्सच्या आतल्या बिघाडाचं एकही लक्षण नाहीये. चालत्या गाडीत गिअर सुटत नाही, कुठल्या एका गिअरला घूं घूं आवाज येत नाही, गिअर टाकताना कर्र होत नाही. जे होतंय ते एवढंच की तुमचा हात जेवढा हलतो तेवढं खाली काहीच हलत नाही. हा दोष दांडा आणि गिअरबॉक्सच्या मधल्या जोडणीत असतो, जुन्या ८०० मध्ये तर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे बॉनेटखाली आणि दांडा मागे दोन सीटच्या मध्ये. दांड्याच्या खालच्या टोकापासून गाडीच्या पोटाखालून एक लांब रॉड पुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंत जातो, तुम्ही दांडा हलवला की हा रॉड पुढेमागे सरकतो आणि थोडा फिरतो, त्यावरूनच गिअर निवडला जातो. जोडीला दुसरा एक रॉड असतो तो दांड्याच्या बैठकीला गिअरबॉक्सशी बांधून ठेवतो, म्हणजे इंजिन हललं तरी दांडा त्याच्याबरोबर हलेल. या सगळ्या सांध्यांमध्ये रबराचे आणि नायलॉनचे छोटे छोटे बुश असतात, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या नळकांड्या. वीस वर्षं खालून खड्ड्यातला चिखल, शेजारून सायलेन्सरच्या पाईपची धग, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचतं त्यातून गाडी गेली की हे सगळे सांधे बुडून निघतात. बुश झिजला की भोक मोठं होतं, दोन-तीन सांध्यांतला थोडाथोडा प्ले (ढिलेपणा) एकत्र झाला की वर नॉबपाशी तो चांगला दोन-तीन इंच वाटतो. पहिल्याच्या जागी तिसरा पडतो तो यामुळेच, दांडा पहिल्याच्या बाजूला पूर्ण गेलाय असं हाताला वाटतं पण खाली रॉड अजून मधेच असतो.

आता खात्री कशी करायची ते सांगतो, पंधरा मिनिटांचं काम आहे पण दोन माणसं लागतात. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्यायची (नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, कोणीही कितीही सांगितलं तरी नाही), इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, सायलेन्सर थंड झालेला. तुम्ही सीटवर बसा आणि दांडा हळूहळू डावी-उजवी, पुढे-मागे करत राहा, मेकॅनिक खाली टॉर्च घेऊन बघेल. दांडा हलतोय पण रॉडचं मागचं टोक गप्प, तर दांड्याच्या बुडाचा बुश गेला. रॉड हलतोय पण गिअरबॉक्समधून बाहेर आलेला शाफ्ट उशिरा हलतोय, तर पुढच्या सांध्याचा बुश किंवा त्याचा बोल्ट गेला. आणि दांड्याची अख्खी बैठकच डुलत असेल तर दुसऱ्या रॉडचं रबर तुटलंय. सांध्याला दोन बोटं लावून ठेवली तरी टक्-टक् जाणवतं, डोळ्यापेक्षा बोटांना लवकर कळतं. नंतर जागा बदलून तुम्ही स्वतः खाली जाऊन बघा, लाजू नका. गाडी तुमची आहे, पैसे तुमचे जाणारेत.

अजून एक परीक्षा घरीच करता येते. इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा, मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना सरळ पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लचकडे बघायचं, केबल ढिली किंवा क्लचच पूर्ण सुटत नाही. दोन्ही वेळेला सारखेच चुकत असतील तर जोडणीच. आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की दांडा आपोआप पुढेमागे उडत असेल तर इंजिन ज्यावर टेकतं ती फाउंडेशनची रबरं पण तपासून घ्या.

दुरुस्ती करताना एकच बुश बदलून बाकीचे राहू द्या असं करू नका, सगळे एकाच वेळी घ्या, कारण एक नवा टाकला की जोर पुढच्या जुन्यावर येतो आणि महिन्याभरात परत तेच रडगाणं. ८०० बनायची २०१४ साली बंद झाली तरी हे बुश मिळतात, काही शे रुपयांचं काम आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना माल मिळतो, तिथून दरवाजा आणा, आरसा आणा, पण जुना बुश आणू नका. बोल्टही नवाच घ्या. माझ्या हातात असे कितीतरी बोल्ट आलेत जे डोक्याजवळ ठीक दिसतात पण मधोमध जिथे बुश बसतो तिथे घासून कमरेसारखे बारीक झालेले असतात. असा बोल्ट परत लावला तर नव्या बुशचं भोक पण लंबगोळ होतं. नट लॉकवाला नवा लावायचा. रबरी बुशला सिलिकॉन ग्रीस चालतं, साधं ग्रीस फासू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. सांधा उघडलाच आहे तर गिअरबॉक्सच्या शाफ्टपाशी ऑइल पाझरतंय का बघायला सांगा, तिथला सील गेला असेल तर आत्ताच बदला आणि ऑइलची लेव्हल पण भरून घ्या. वरचं रबरी बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं आवरण, फाटलं असेल तर तेही, नाहीतर खालचं पाणी-धूळ आत येतच राहणार.

काढलेला जुना माल कागदात गुंडाळून मागून घ्या, तोवर पैसे देऊ नका.

मग गिअरबॉक्स कधी उघडायचा? बुश नवे टाकूनही चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर सुटत असेल, किंवा एकाच गिअरला कर्र होत असेल, किंवा ऑइल काढल्यावर त्यात लोखंडाचे तुकडे दिसले तर. त्याआधी नाही. गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवलं असंच म्हणणार नाही मी, पण नुसती चक्कर मारून, खाली न वाकता गिअरबॉक्स उतरवायला सांगणं हे बरोबर नाहीच, आपल्याकडे हे फार चालतं आणि चांगल्या गाड्या त्यापायी भंगारात जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. बाबांची गाडी चालवत राहा ताई.

प्रश्न: माझी २०१२ ची हॅचबॅक आहे, गिअर रॉडवर नाही केबलवर आहे. परवा पाम बीच रोडला सिग्नलवर दांडा एकदम मोकळा झाला, डावी-उजवी जाणवतच नाही, फक्त तिसरा-चौथा पडतो. गाडी तशीच हळूहळू घरी आणली.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: दोन केबल असतात, एक पुढे-मागेची आणि एक डावी-उजवीची. तुमची डावी-उजवीवाली सुटलीय. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकची वाटी असते ती गोळ्यावर टच् करून बसते, ऊन-उष्णतेने वाटी तडकली की निसटते. बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या वर बघा, लोंबकळणारं टोक दिसेल, तिथे नसेल तर कन्सोलखाली. वाटेत अडकलात तर ते परत दाबून बसवा आणि झिप टाय आवळा, घरापर्यंत जाल, पण त्यावर महिनाभर चालवू नका. केबल आतून घट्ट झाली असेल तर नवीन वाटी पण टिकणार नाही, मग केबलच बदलायची.

प्रश्न: दांडा ठीक आहे, फक्त वरचा नॉब हातात फिरतो. फेविक्विक लावू का?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: नको, पुढे कधी बूट बदलायचं म्हटलं तर नॉब निघणारच नाही. काढा, आटे पुसा, टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि घट्ट आवळा. आतले आटेच गेले असतील तर नवीन नॉब घ्या.